सोसायटीच्या गणपतीत ‘केऑस’वर कार्यक्रम करायचा असेल तर कसा करायचा

गणपतीच्या दहा दिवसांत एक संध्याकाळ अशी येतेच की सांस्कृतिक समितीकडे काहीच नसतं. अंताक्षरी झालेली असते, फॅन्सी ड्रेस झालेला असतो, हाऊसी शनिवारसाठी राखून ठेवलेली असते, आणि मग ग्रुपवर मेसेज पडतो, "कोणी काही वेगळं करणार का?" तुम्ही घोडबंदरच्या टॉवरमध्ये राहत असा की नेरूळच्या चार मजली जुन्या सोसायटीत, हे ठरलेलं. त्या रिकाम्या संध्याकाळसाठी मी केऑस हा विषय सुचवतेय. दासबोध वाचणारे आजोबा, बारावीची मुलं, ऐरोलीच्या आयटी पार्कातून थकून आलेले बाबा लोक, सगळ्यांना यात काहीतरी धरायला मिळतं, आणि खर्च म्हणाल तर झेरॉक्स आणि थोडी कणीक.

पण आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. केऑस या एकाच नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी फिरतायत. पुराणकथांमधला केऑस म्हणजे जग व्हायच्या आधी जे होतं ते. आपल्या दर्शनांत त्याच्या जवळपास जाणारी कल्पना शोधलीत तर क्षोभ सापडतो, आणि तो जगाच्या आधी वगैरे नसतो, त्याच्यापासूनच जग सुरू होतं. आणि विज्ञानातला केऑस म्हणजे नियम शंभर टक्के पक्के, तरी पुढचं सांगता येत नाही. हे तिन्ही एकच आहेत असं सांगणारे फॉरवर्ड तुम्हीही वाचले असतील, "हजारो वर्षांपूर्वी आपल्या ऋषींना केऑस थिअरी ठाऊक होती" टाईप. तसला कार्यक्रम करू नका. एकतर ते खरं नाही, आणि दुसरं म्हणजे सगळं एकच आहे म्हटल्यावर बोलायला उरतं काय? मजा सगळी फरकात आहे. तासभर लोकांना तो फरकच दाखवायचा.

वेळ आरतीनंतरची घ्या, प्रसादाच्या आधीची. प्रसाद झाला की समोर फक्त समितीचे लोक आणि तुमच्या घरचे उरतात. चाळीस मिनिटं तुम्ही बोला, वीस मिनिटं प्रश्नांना ठेवा, रात्री दहाला माईक बंद करावाच लागतो आणि प्रश्न मध्येच कापले तर लोक चिडतात. पीपीटी बनवत बसू नका. क्लबहाऊसचा टीव्ही फक्त एका स्प्रेडशीटसाठी लागेल, ती पुढे सांगते, तेवढी एचडीएमआय केबल मात्र घरून न्या कारण तिथली वेळेवर कधीच सापडत नाही. आणि हो, नोटीस बोर्डावर विषय म्हणून ‘गोंधळ’ लिहू नका, निम्मी ज्येष्ठ मंडळी संबळ ऐकायच्या तयारीने येतील.

सुरुवात गोष्टींनी

पहिल्या रांगेत मुलं बसतात म्हणून गोष्टींनी सुरू करायचं. ग्रीकांचा कवी हेसिअड, साधारण इसवी सनपूर्व ७०० चा, तो सांगतो की सगळ्यात आधी खाओस झाला (आपला ‘केऑस’ शब्द त्यावरूनच), मग गाया म्हणजे पृथ्वी, मग टार्टारस, मग इरॉस म्हणजे प्रेम, ओढ. इथे थोडं थांबा आणि सांगा की हेसिअडचा खाओस म्हणजे पसारा नाही, आ वासलेली पोकळी आहे, तिच्यातून काळोख आणि रात्र जन्माला येतात. पसारा हा अर्थ ठसवला रोमन कवी ओव्हिडने, तब्बल सातशे वर्षांनंतर. त्याच्याकडे सुरुवातीला एक ओबडधोबड गोळा आहे, गरम आणि थंड, ओलं आणि कोरडं, सगळं एकमेकांत भांडतंय, मग कुणीतरी देव येऊन ते वेगवेगळं करतो. आज आपण ‘घरात नुसता केऑस झालाय’ म्हणतो तो ओव्हिडचा, हेसिअडचा नाही.

मग बॅबिलॉन. हा भाग मुलांना सगळ्यात आवडतो कारण मारामारी आहे. गोड्या पाण्याचा अप्सू आणि खाऱ्या पाण्याची तियामत, दोघांचं पाणी एकात मिसळलेलं, त्यातून देव जन्मतात आणि इतका दंगा करतात की अप्सूला झोप लागत नाही, तो त्यांना संपवायचं ठरवतो आणि स्वतःच मारला जातो. मग तियामत चिडून उठते, तिच्याशी लढायला कोणी धजत नाही, तरणा देव मर्दुक पुढे होतो पण अट घालतो की मी जिंकलो तर राजा मीच. तिला मारून तिच्या शरीराचे दोन भाग करतो, एकाचं आकाश, एकाची पृथ्वी. ही कथा मातीच्या सात पाट्यांवर लिहिलेली आहे आणि बॅबिलॉनमध्ये नववर्षाच्या अकितू सणात चौथ्या दिवशी ती मोठ्याने म्हटली जायची. अव्यवस्थेला एकदा हरवून भागत नव्हतं, दरवर्षी हरवावं लागत होतं, आणि प्रत्येक वेळी राजाचीही आठवण करून दिली जात होती की व्यवस्था कोणामुळे आहे. मला विचाराल तर या कथेत राजकारण जास्त आहे, अध्यात्म कमी.

इथे कोणीतरी नक्की म्हणेल की आपल्याकडे इंद्र-वृत्र आहेच की. आहे, आणि तुलना करायला हरकत नाही. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातलं ३२ वं सूक्त याच लढाईचं, त्वष्टा या देवांच्या कारागिराने घडवलेलं वज्र, पाणी अडवून पडलेला वृत्र, तो मेल्यावर हंबरत धावणाऱ्या गायींसारखं सुटलेलं पाणी. पण फरक सांगा. वृत्राच्या शरीरातून जग बनत नाही. जग आहेच, फक्त अडलेलं आहे, आणि इंद्र ते मोकळं करतो.

आता माझी सगळ्यात आवडती गोष्ट, हिला नीट वेळ द्या. चीनमधली आहे, ताओ विचारातल्या च्वांग-त्सूच्या नावे असलेल्या ग्रंथात, सातव्या प्रकरणाच्या शेवटी येते. दक्षिण समुद्राचा राजा शू, उत्तर समुद्राचा राजा हू, आणि मधल्या प्रदेशाचा राजा हुंदुन. हुंदुन म्हणजेच त्यांचा केऑस, त्याला चेहराच नाही, ना डोळे ना कान ना नाक ना तोंड. शू आणि हू अधूनमधून हुंदुनच्या राज्यात भेटायचे आणि हा त्यांची फार छान सरबराई करायचा. दोघांना वाटलं याचे उपकार फेडायला हवेत. प्रत्येकाला बघायला, ऐकायला, खायला, श्वास घ्यायला सात भोकं असतात, या बिचाऱ्याला एकही नाही, चला आपण पाडून देऊ. रोज एक भोक पाडलं. सातव्या दिवशी हुंदुन मेला.

बस, एवढीच गोष्ट आहे, आणि सांगून झाल्यावर लगेच काही बोलू नका, लोकांना जरा चुळबुळ करू द्या. नंतर विचारा की मर्दुक बरोबर की शू आणि हू चुकले. मर्दुकच्या गोष्टीत केऑसला मारल्यावर जग मिळतं, इथे केऑसला सुधारायला जाऊन एक मित्र मरतो. मारामारी न होताही मरतो, प्रेमाने केलेल्या कामात मरतो. सोसायटीतल्या कमिटी मेंबरांकडे बघून हे वाक्य म्हणायचा मोह आवरा.

इजिप्तचं नून नावाचं आदिजल आणि रोज रात्री सूर्याच्या होडीवर चाल करून येणारा अपेप हा सर्प, नॉर्स लोकांची गिनुंगागाप नावाची पोकळी, हे एकेका वाक्यात उरका. समुद्रमंथन कोणी काढलं तर सांगा की क्षीरसागर हा केऑस नव्हे, तिथे देव, असुर, मंदार, वासुकी सगळे आपापल्या जागी आधीच हजर आहेत.

सूक्त म्हणायला माणूस शोधून ठेवा

ग्रीकांचं-चीनचं ऐकून झाल्यावर नासदीय सूक्त घ्यायचं. ऋग्वेद, दहावं मंडल, १२९ वं सूक्त, फक्त सात ऋचा. प्रत्येक सोसायटीत रुद्र म्हणणारं कोणीतरी असतंच, त्यांना दोन दिवस आधी विनंती करा, ऋचा त्यांनी म्हणायच्या आणि अर्थ तुम्ही साध्या मराठीत सांगायचा. ‘नासदासीन्नो सदासीत्तदानीम्’, तेव्हा असत् नव्हतं आणि सत् पण नव्हतं. म्हणजे हेसिअडसारखी पोकळीसुद्धा नाही! तिसऱ्या ऋचेत ‘तम आसीत्तमसा गूळ्हमग्रे’, अंधाराने झाकलेला अंधार, आणि कशाचीच ओळख न पटणारं पाणी. चौथीत येतो काम, मनाचं पहिलं बीज. इथे तुमच्या लक्षात येईल की हेसिअडकडेही इरॉस अगदी सुरुवातीलाच आलाय. साम्य दाखवा, पण कोणी कोणाचं घेतलं यात शिरू नका, तो वाद क्लबहाऊसमध्ये सुटणारा नाही.

शेवटच्या ऋचेवर आवाज थोडा खाली आणा. ही सृष्टी कुठून झाली, कोणी केली की केली नाही, हे परम आकाशात बसून जो बघतोय त्यालाच माहीत, ‘यदि वा न वेद’, किंवा कदाचित त्यालाही माहीत नसेल. बाकीच्या सगळ्या कथा काहीतरी उत्तर देतात, हे सूक्त प्रश्न विचारून गप्प बसतं. याला बिग बँग वगैरे चिकटवलंत की त्याची सगळी ताकद जाते, कारण बिग बँगच्या सिद्धांताला आकडे आहेत, तपासण्या आहेत, आणि या ऋषीने मुद्दाम ठरवलंय की आपण छातीठोक काही सांगायचं नाही.

आजोबांचा भाग

दर्शनांचा भाग सगळ्यात अवघड, म्हणजे कळायला नाही, सांगायला. दहा मिनिटांच्या वर ताणू नका आणि सगळी सहा दर्शनं तर अजिबात घेऊ नका. फक्त सांख्य घ्या आणि योगाचा एक तुकडा.

सांख्यांचं म्हणणं असं की मूळ प्रकृती म्हणजे सत्त्व, रज, तम या तीन गुणांची साम्यावस्था. तिन्ही गुण सारखे तोलून धरलेले, कोणी वर नाही कोणी खाली नाही, म्हणून तिथे काही दिसत नाही, काही घडत नाही. पुरुषाच्या, म्हणजे नुसत्या बघणाऱ्या चैतन्याच्या, सान्निध्याने तो तोल ढळतो आणि मग महत् म्हणजे बुद्धी, मग अहंकार, मग मन, इंद्रियं, तन्मात्रा म्हणजे शब्द-स्पर्शासारखी सूक्ष्म तत्त्वं, आणि पृथ्वी-पाण्यासारखी महाभूतं अशी उतरंड सुरू होते. आता हे ओव्हिडच्या शेजारी ठेवून बघा. त्याच्याकडे आधी अव्यवस्था आणि मग व्यवस्थित जग, सांख्यांकडे आधी पूर्ण तोल आणि जग म्हणजे तो तोल बिघडल्याचा परिणाम. अगदी उलट! प्रलय म्हणजेसुद्धा धुमाकूळ नाही, सगळं परत त्या तोलात जाऊन निजणं. टीव्हीवरच्या मालिकांमध्ये प्रलय दाखवायला विजा आणि लाटा लागतात, सांख्यांचा प्रलय दाखवायचा तर पडदा नुसता काळा ठेवावा लागेल.

समर्थांनी दासबोधात हीच कल्पना वेदान्ताच्या अंगाने मांडताना मूळमायेनंतर, म्हणजे ब्रह्मात उठलेल्या पहिल्या स्फुरणानंतर, ‘गुणक्षोभिणी’ असा शब्द वापरलाय, गुण आतल्या आत खळबळून वेगवेगळे व्हायला लागतात ती अवस्था. हे वाक्य तुम्ही म्हणालात की समोरचे कोणीतरी आजोबा सरसावून बसतील आणि पुढची ओवी म्हणायला लागतील. म्हणू द्या. माईक सरळ त्यांच्या हातात द्या, ते तुमच्यापेक्षा चांगलं सांगतील, फक्त पाच मिनिटांनी हळूच परत घ्या.

योगाचा तुकडा तरुण लोकांसाठी, कारण ‘डोक्यात केऑस चाललाय’ हे वाक्य आता सगळेच बोलतात. योगसूत्रांवरच्या व्यासभाष्यात चित्ताच्या पाच भूमी सांगितल्यात: क्षिप्त, मूढ, विक्षिप्त, एकाग्र, निरुद्ध. आपण ज्याला सरसकट केऑस म्हणतो त्याचे इथे तीन प्रकार केलेत. क्षिप्त म्हणजे भिरभिरणारं, मूढ म्हणजे सुन्न पडलेलं, विक्षिप्त म्हणजे मधूनमधून ठरणारं पण परत सुटणारं. रात्री अंथरुणात पडून फोनवर बोट फिरवत राहणं यातलं कुठलं, असं विचारा, बघा किती वाद होतो. माझ्या मते ते मूढ. भाची म्हणते क्षिप्त.

आता स्प्रेडशीट

इथे गाडी पूर्ण वळवायची आणि तसं बोलूनही दाखवायचं: आतापर्यंत जे ऐकलं त्याच्याशी याचा संबंध फक्त नावापुरता.

इतिहास थोडक्यात पण रंगवून सांगा. स्वीडनचा राजा दुसरा ऑस्कर याच्या साठाव्या वाढदिवसानिमित्त गणिताची एक स्पर्धा लागली, १८८९ मध्ये बक्षीस मिळालं फ्रेंच गणिती आंरी प्वांकारे यांना, गुरुत्वाकर्षणाने एकमेकांना ओढणाऱ्या तीन वस्तूंच्या प्रश्नावरच्या निबंधासाठी. छपाई चालू असताना संपादकांकडून शंका आल्या आणि प्वांकारेंना स्वतःच्याच निबंधात मोठी चूक सापडली. वाटलेल्या प्रती परत मागवल्या, नवीन निबंध छापायचा खर्च त्यांनी भरला, बक्षीस होतं २५०० क्रोनरचं आणि खर्च आला साडेतीन हजारांच्या वर. पण ती चूक दुरुस्त करतानाच त्यांना अशा कक्षा दिसल्या की ज्यांचं चित्र काढायची सुद्धा त्यांची हिंमत झाली नाही. केऑसची पहिली झलक ती.

नंतर १९६१, अमेरिकेत एमआयटी, हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्झ. बारा समीकरणांचं एक खोटं हवामान त्यांनी कॉम्प्युटरवर चालवलं होतं. एक भाग परत बघायचा म्हणून छापील कागदावरचा आकडा टाकला ०.५०६, मशीनच्या आत मात्र होता ०.५०६१२७. कॉफी पिऊन तासाभराने आले तर पुढच्या दोन महिन्यांचं हवामान वेगळंच झालेलं. मशीन बिघडलं नव्हतं. १९६३ मध्ये त्यांनी फक्त तीन समीकरणांवर निबंध लिहिला, त्याची आकडेमोड एलन फेटर यांनी केली, आणि त्यांच्या आधी लॉरेन्झकडे प्रोग्रॅमिंग करणाऱ्या मार्गारेट हॅमिल्टन पुढे अपोलो यानांच्या सॉफ्टवेअरच्या प्रमुख झाल्या. समोरच्या मुलींना ही दोन नावं आवर्जून सांगा, पुस्तकात बऱ्याचदा राहून जातात. केऑस हे नाव मात्र अजून पडलेलं नव्हतं, गणितात ते रूढ केलं ली आणि यॉर्क या दोन गणितज्ञांच्या १९७५ च्या निबंधाने.

आता टीव्हीवर शीट उघडा. पहिल्या कॉलमच्या पहिल्या खान्यात ०.३ लिहा. खालच्या खान्यात सूत्र द्या: ४ गुणिले वरचा आकडा गुणिले (१ वजा वरचा आकडा). ते खाली ओढा, शंभरेक ओळी. शेजारच्या कॉलममध्ये तेच सूत्र, फक्त सुरुवात ०.३०१ ने. दोन्ही आकडे मोठ्याने वाचा, सुरुवातीचा खाना पायरी म्हणून मोजू नका. तिसऱ्या पायरीला ०.९९४३ आणि ०.९९५६, लोक म्हणतील सारखंच तर आहे. पाचव्याला ०.०८७९ आणि ०.०६९२. आठव्याला ०.४४७६ आणि ०.७१९०. दहाव्या पायरीला एक ०.०४३४ वर आणि दुसरा ०.६२०२ वर, एकमेकांची ओळख सुद्धा नाही. सूत्र तेच, कुठे नाणं उडवलेलं नाही, कोणाची लहर नाही.

मग सूत्रातला ४ काढून २.५ टाका, दोन्ही कॉलम गुमान ०.६ वर येऊन थांबतात. ३.२ टाका, ०.५१३ आणि ०.७९९ असे आळीपाळीने येत राहतात. साधारण ३.५७ च्या पुढे केऑस सुरू होतो, तरी मध्येच ३.८३ ला तीनच आकड्यांचं चक्र परत दिसतं. रॉबर्ट मे यांनी १९७६ मध्ये याच सूत्रावर लिहिलं, किड्यांची संख्या वर्षागणिक कशी बदलते ते समजायला. आयटीवाल्यांसाठी अजून एक गंमत ठेवा. आकडा परत ४ करा आणि दोन्ही कॉलमला सुरुवात ०.३ नेच द्या, पण दुसऱ्या कॉलममध्ये सूत्र कंस सोडवून लिहा, ४ गुणिले आकडा वजा ४ गुणिले आकड्याचा वर्ग. शाळेच्या बीजगणिताने दोन्ही एकच. पण पन्नास-साठ ओळींच्या आसपास दोघांची फारकत होते, कारण कॉम्प्युटर शेवटच्या अंकाला वेगवेगळं राउंड करतो. एरवी मोबाईलमधून डोकं वर न काढणारे लोक इथे उठून टीव्हीजवळ येतात.

असं का होतं हे कणकेने दाखवा. गोळ्यावर हळदीचे दोन ठिपके अगदी शेजारी शेजारी द्या, लाटा, घडी घाला, परत लाटा, परत घडी. घडीची पोळी करणाऱ्या कोणत्याही बाईला हे वेगळं शिकवावं लागत नाही. लाटल्याने ठिपके लांब जातात, घडीने कणीक पोळपाटाबाहेर जात नाही. केऑसला दोन्ही लागतं, ताणणं आणि दुमडणं. नुसता आकडा दुप्पट करत गेलात तरी फरक वाढतच जातो, पण त्याला केऑस म्हणत नाहीत, तो नुसता पळून गेला. मर्यादेत राहून, स्वतःची वाट कधीच नेमकी परत न गिरवता, आणि पूर्ण नियमाने चालून सुद्धा हाताला लागत नाही तो केऑस.

वेळ असेल तर दोन फूटपट्ट्यांना भोकं पाडून नट-बोल्टने एकाखाली एक अडकवा, दुहेरी लोलक तयार. थोडासा झुलवला तर शहाण्यासारखा झुलतो, हे आधी दाखवा. मग पार वर नेऊन सोडा.

प्रश्न येणारच, तयारी ठेवा

"घोडबंदरचं ट्रॅफिक म्हणजे केऑस का?" हा पहिला, लिहून घ्या. रोजच्या बोलण्यात हो, गायमुखच्या घाटात अडकलेल्या माणसाला नाही म्हणायची माझी हिंमत नाही. पण एक चांगली माहिती द्या: जपानमध्ये २३० मीटरच्या गोल रस्त्यावर २२ गाड्या सारख्या वेगाने चालवायला सांगितल्या, खड्डा नाही, सिग्नल नाही, मेट्रोचं काम नाही, तरी थोड्या वेळाने आपोआप जाम तयार झाला आणि तो मागे मागे सरकत राहिला, २००८ मध्ये हा प्रयोग प्रसिद्ध झाला. लहान फरक वाढत जाण्याचं हे उत्तम उदाहरण आहे, पण नियमित सरकणारी लाट ही उलट एक शिस्तच झाली.

"बटरफ्लाय इफेक्ट म्हणजे छोट्या कृतीने मोठा बदल, बरोबर ना?" मोटिव्हेशनल स्पीकरांनी या बिचाऱ्या फुलपाखराला फार राबवलंय. लॉरेन्झ यांच्या १९७२ च्या भाषणाचं शीर्षक मुळात प्रश्न होता, ब्राझीलमधल्या फुलपाखराच्या पंखांनी टेक्ससमध्ये वादळ होईल का, आणि त्याच भाषणात त्यांनी सांगितलं की फडफडीने वादळ येऊ शकत असेल तर तितकंच ते टळूही शकतं. फुलपाखरं असंख्य, कोणाच्या पंखाने काय झालं ते कधीच कळणार नाही. यातून ‘तुमची एक कृती जग बदलेल’ निघत नाही.

"मग हवामान खात्याचा अंदाज चुकतो तो यामुळे?" काही अंशी हो. रोजच्या हवामानाची नेमकी भविष्यवाणी साधारण दोन आठवड्यांपलीकडे जात नाही असं मानलं जातं, म्हणून विसर्जनाला पाऊस असेल का हे महिनाभर आधी सांगणाऱ्या ॲपवर विश्वास ठेवू नका. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पडला आणि कुलाब्याला साधारण ७३, एकाच शहरात. पण हवामान केऑटिक आहे म्हणजे काहीच सांगता येत नाही असंही नाही, मुंबईत मान्सून यायची सर्वसाधारण तारीख ११ जून आहे आणि तो काही जानेवारीत येत नाही. प्रत्येक सर कुठे पडेल ते नाही सांगता येत, पावसाळ्याचा आकार सांगता येतो.

"पंचांगात ग्रहणं तर मिनिटावर बरोबर येतात, मग प्वांकारेंचं काय?" हा प्रश्न आला तर विचारणाऱ्याला मोदक द्या. ग्रहमालाही केऑटिकच आहे, फक्त फार सावकाश. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जाक लास्कर यांनी १९८९ मध्ये दाखवलं की आतल्या ग्रहांच्या गणितातली चूक साधारण दर एक कोटी वर्षांनी दसपट होते, त्यामुळे दहा कोटी वर्षांनंतर पृथ्वी कक्षेत नेमकी कुठे असेल हे कोणालाच सांगता येणार नाही. पुढच्या वर्षीचं पंचांग छापायला काही अडचण नाही.

मग येईल क्वांटम. आणि त्याच्या मागोमाग ‘अणुरेणुया थोकडा, तुका आकाशाएवढा’. शांतपणे सांगा की क्वांटमची अनिश्चितता वेगळी, केऑस वेगळा, एन्ट्रॉपी, म्हणजे ऊर्जा किती विखुरली त्याचं माप, तर तिसरीच, तिला मोजायला ज्यूल प्रति केल्व्हिन असं एकक आहे आणि तीन गुणांना कोणी एकक लावलेलं नाही. तुकोबा तिथे कणांबद्दल बोलत नाहीयेत, ‘मी’ गळून पडल्यावर काय उरतं ते सांगतायत, आणि त्या ओळीला मोठं व्हायला फिजिक्सची शिफारस लागत नाही. सर्न या जिनिव्हाजवळच्या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेतल्या नटराजाच्या मूर्तीचा विषय पण कोणीतरी काढेलच, ती २००४ मध्ये भारताकडून भेट म्हणून गेलेली आहे, प्रयोगातून निघालेली नाही. हे सांगताना हसू नका, समोरचा माणूस श्रद्धेने विचारत असतो, आणि उद्या लिफ्टमध्ये भेटणार असतो.

तयारीला वाचायचं असेल तर ठाण्यात मराठी ग्रंथ संग्रहालय आहे, १८९३ पासूनचं, सांख्य आणि योगावरची मराठी पुस्तकं चाळायला तिथे एक दुपार काढा, नुसतं यूट्यूब बघून सांख्य सांगायला जाऊ नका.

हँडआऊट एकच पान, ब्लॅक अँड व्हाईट. एका बाजूला नासदीयाच्या सात ऋचा अर्थासकट मोठ्या अक्षरात, दुसऱ्या बाजूला स्प्रेडशीटच्या पायऱ्या. घरटी एक काढा आणि वर दहा-पंधरा जास्त, कारण दासबोधवाले आजोबा नाशिकच्या भावासाठी एक मागतील आणि मुलं तुमच्या देखत त्याची विमानं करतील. कणीक मात्र हळद लागलेली असते, ती प्रसादाच्या टेबलाजवळ ठेवू नका.